‘कशावरून?’ : गोपाळ गणेश आगरकर

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आटपाडी तालुक्यात ‘टेंभू’ हा शब्द पाण्याचा आहे. टेंभूचे आवर्तन कधी सुटणार, टेंभूचे पाणी कुठवर आले, यंदा टेंभू डाळिंबाला पुरेल का, अशा बोलण्यात आम्ही लहानाचे मोठे झालो. कराडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे गाव आहे. तेथून नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या दुष्काळी भागात आणले जाते, एवढेच मला ठाऊक होते. याच टेंभू गावात १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर जन्मले, ही गोष्ट मला कॉलेजात आल्यावर कळली. आणि तीही एका फजितीमुळे कळली.

झाले असे. मराठीच्या तासाला मॅडमनी ‘मुलींचे उच्च शिक्षण’ या विषयावर मत मांडणारा एक परिच्छेद लिहायला सांगितला. मी चौदा ओळी लिहिल्या. शिक्षण ही काळाची गरज आहे, आज मुली सर्व क्षेत्रांत पुढे आहेत, म्हणून प्रत्येकीने शिकलेच पाहिजे, असे सारे ठासून लिहिले. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच शब्द चार ठिकाणी लिहिलेला होता: कशावरून? मला राग आला. मी लिहिलेले खोटे होते काय? मॅडम म्हणाल्या, खोटे नाही, पण हे तुझे म्हणणे आहे, कारण नाही. ग्रंथालयात जा आणि आगरकर वाच. त्या वाचनातून हा लेख झाला.

आगरकरांचे चरित्र वाचताना पहिली गोष्ट मनात भरते ती त्यांचे दारिद्र्य. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची की, शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच कराडला आजोळच्या आश्रयाला जावे लागले. तेथील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. काही काळ कचेरीत उमेदवारी केली. शिकण्याची सोय होईल या आशेने ते कराडहून सह्याद्री ओलांडून पायी रत्नागिरीस गेले; पण तेथेही निभाव लागला नाही आणि परत यावे लागले. मग दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शेवटी नातेवाइकांच्या आधाराने ते दूर वऱ्हाडात अकोल्यास गेले आणि तेथून १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान मुख्याध्यापक त्यांना लाभले.

आज आम्ही एस.टी.च्या पासावर कॉलेजला येतो आणि बस चुकली की तक्रार करतो. पुस्तकासाठी इतके चालणारा मुलगा डोळ्यांसमोर आणला म्हणजे मान खाली जाते. पण नुसते कौतुक करून भागणार नाही. या भटकंतीने आगरकरांना एक गोष्ट शिकविली असावी, असे मला वाटते. ज्याच्यामागे पैसा नाही, मोठे घराणे नाही, त्याचे बोलणे कोणी नुसते तो म्हणतो म्हणून ऐकत नाही. त्याला दर वेळी कारण द्यावे लागते. श्रीमंताचे मत ऐकले जाते. गरिबाचे मत पटवून द्यावे लागते.

मॅट्रिकनंतर ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आले. अंगात एकच सदरा; तो रात्री धुवून वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे, ही त्यांची हकीकत सर्वांना माहीत आहे. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर त्यांनी आपला खर्च चालविला. म्हणजे लेखणी ही त्यांची हौस नव्हती, तिच्यावर त्यांची जेवणाची खानावळ चालत होती. १८७८ साली ते बी.ए. झाले. त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन १८८० साली एम.ए. झाले. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ त्यांनी याच काळात पचविले. कोणतीही गोष्ट जुनी आहे किंवा मोठ्यांनी सांगितली आहे एवढ्यावरून खरी मानायची नाही, ही बुद्धिवादाची दीक्षा त्यांना येथे मिळाली.

याच कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जमली. दोघेही तेजस्वी, दोघेही हट्टी. देशाची स्थिती, धर्म, समाज यांवर त्यांचे वाद रात्र रात्र चालत. सरकारी नोकरी करायची नाही आणि आयुष्य लोकशिक्षणाला वाहायचे, हे दोघांचेही ठरले.

एम.ए.च्या सुमारास आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलाच्या मोठ्या परीक्षा होत आहेत, आता त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील, अशी आशा त्या माउलीला असणे स्वाभाविक होते. मुलाने तिला आधीच कळविले की, मी संपत्तीच्या मागे लागणार नाही. पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ लोकांच्या कामी लावणार आहे. हे पत्र अनेक भाषणांत त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि ते खरेच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्यांनी आईला न सांगता परस्पर निर्णय घेतला नाही. तिची आशा काय आहे हे त्यांनी प्रथम स्वतःच मांडले, ती चूक आहे असे म्हटले नाही, आणि मग आपला मार्ग वेगळा का हे सांगितले. ज्याच्याशी आपले पटणार नाही त्याची बाजू आधी नीट मांडायची, ही आगरकरांच्या पुढील सर्व लेखनाची रीत या घरगुती पत्रातच दिसते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए. झाल्यावर आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’ मराठी, ‘मराठा’ इंग्रजी. ‘केसरी’चे पहिले संपादक टिळक असावेत असा पुष्कळांचा समज असतो, माझाही होता. ते संपादक आगरकर होते. त्या वेळी त्यांचे वय पंचवीसही नव्हते.

पत्राला वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच कोल्हापूर प्रकरण उद्भवले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत आहे, अशा वार्ता येत होत्या. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला केला. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले गेले ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ साली त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. तेथे एकाच कोठडीत बसूनही दोघांचे वाद थांबले नाहीत. सुटून आल्यावर लोकांनी त्यांचा मोठा सत्कार केला आणि आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले.

या प्रसंगाकडे आपण नेहमी देशभक्तीच्या दृष्टीने पाहतो. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातून वेगळाच धडा मिळतो. आगरकरांचा हेतू शुद्ध होता. एका असहाय तरुणाची बाजू त्यांनी घेतली होती. त्यांच्या हातात पुरावाही होता. पण तो पुरावा खोटा निघाला आणि त्यामुळे खऱ्या कळवळ्याचीही बाजू कोर्टात पडली. म्हणजे ‘कशावरून?’ या प्रश्नाला उत्तर देऊन काम संपत नाही. ते उत्तर कोठून आले, कोणी दिले, त्यात त्याचा काही स्वार्थ आहे काय, हेही विचारावे लागते. आज हातातल्या मोबाइलवर दिवसाला पन्नास बातम्या येतात आणि आपण त्या वाचण्याआधी पुढे पाठवितो. आपल्याला कोणी डोंगरीत पाठवीत नाही एवढेच. चोवीस-पंचवीस वर्षांच्या संपादकाने एका चुकीची किंमत १०१ दिवसांनी मोजली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तेथे प्राध्यापक झाले. संपादक आगरकर आपल्याला माहीत असतात, शिक्षक आगरकर तितके माहीत नसतात. १८८८ साली त्यांनी ‘वाक्यमीमांसा’ हे पुस्तक लिहिले. मराठी वाक्य कसे बनते, त्याचे भाग कोणते, मुख्य वाक्य कोणते आणि त्यावर अवलंबून असलेले कोणते, ते वेगळे कसे करावे, याचा तो विचार आहे. आम्हाला शाळेत वाक्यपृथक्करण नकोसे वाटे. उद्देश्य, विधेय, गौणवाक्य म्हणजे गुण मिळवायची कसरत, असेच आम्ही समजत होतो. पण समाज हलवून सोडणारे निबंध ज्या माणसाने लिहिले, त्यालाच वाक्याची फोड करून दाखविण्याचे पुस्तक लिहावेसे वाटले, हा योगायोग नसावा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जरी’, ‘तरी’ हे लहान लहान शब्द वाक्यात कोणते काम करतात हे ज्याला कळत नाही, त्याला स्वतःच्या विचारातला दुवा कोठे तुटला हेही कळत नाही. माझ्या चौदा ओळी मी पुन्हा तपासल्या. त्यांत ‘म्हणून’ पाच वेळा होते आणि ‘कारण’ एकदाही नव्हते.

इकडे ‘केसरी’त मतभेद वाढत होते. राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, हा प्रश्न होता. टिळकांचे म्हणणे असे की, परक्या सरकारशी झगडताना समाजात फूट पडेल असे विषय काढू नयेत आणि आपल्या चालीरीतींत त्या सरकारला हात घालू देऊ नये. आगरकरांचे म्हणणे असे की, ज्या समाजात बालविधवेचे केशवपन होते आणि विचार करणाऱ्याला बहिष्काराची भीती असते, तो समाज राजकीय स्वातंत्र्य तरी कसे पेलणार? दोन्ही बाजूंना वजन होते. दोघे सख्खे मित्र होते. पण मैत्रीसाठी मत गिळणे आगरकरांना जमले नाही. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला. १८८८ च्या दसऱ्याला त्यांनी स्वतःचे ‘सुधारक’ पत्र काढले. त्यात मराठी व इंग्रजी असे दोन भाग असत. मराठी बाजू आगरकर सांभाळीत आणि इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले या तरुण सहकाऱ्याने सांभाळली.

‘सुधारक’मधील निबंधांचे विषय पाहिले की आश्चर्य वाटते. सामाजिक सुधारणा आणि कायदा, बालविवाह, सोवळेओवळे, प्रेतसंस्कार, देवांची कल्पना कशी उत्पन्न झाली, स्त्रियांना चरितार्थाचे साधन होईल असे शिक्षण देण्याची आवश्यकता, स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, एवढेच नव्हे तर स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत येथपर्यंत. त्यांना कोणताही विषय लहान वाटत नसे. रोज अंगात घालायच्या कपड्याविषयीही ते कारण विचारीत.

मी या निबंधांतून वहीत त्यांची रीत उतरवून घेतली. ते प्रथम प्रश्न नक्की काय आहे ते ठरवितात. मग विरोधकाचे म्हणणे घेतात, आणि ते दुबळे करून घेत नाहीत. त्यानंतर एकेका आक्षेपाला उत्तर देतात. उत्तर देताना कधी इतिहासातील दाखला असतो, कधी दुसऱ्या देशातील, कधी आपल्या माजघरातील. शेवटी, हे मान्य केले तर काय होईल आणि न केले तर काय होईल, हे वाचकापुढे ठेवतात. त्यांचा सूर मात्र नेहमीच शांत नसतो. ते चिडतात, टोमणे मारतात, विरोधकांना झोडपून काढतात. पण राग बाजूला काढून ठेवला तरी मागे कारण शिल्लक राहते. माझ्या परिच्छेदातून ठासून लिहिणे काढले असते तर मागे काहीच उरले नसते.

या रीतीचा सराव म्हणून मी संमतिवयाच्या वादावर एक परिच्छेद लिहून पाहिला. आगरकर या कायद्याच्या बाजूने होते. पण पुढील मांडणी त्यांची नसून एका विद्यार्थिनीची आहे, हे ध्यानात घ्यावे.

संमतिवयाचा १८९१ चा कायदा आवश्यक होता. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या अत्याचाराने मरण पावली. त्या वेळी कायद्यात संमतीचे वय दहाच असल्यामुळे पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. नव्या कायद्याने हे वय बारा केले. आता विरोधक म्हणतात की, परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. सरकार परके होते, ही तक्रार खरी आहे. परंतु सतीची चाल १८२९ साली कायद्यानेच बंद झाली आणि विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ साली कायद्यानेच मान्यता मिळाली. त्यामुळे धर्म बुडाला नाही. विरोधकांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सुधारणा शिक्षणाने सावकाश व्हावी, सक्तीने होऊ नये, असे ते म्हणतात. शिक्षणाने झालेली सुधारणा जास्त टिकते हे मान्य आहे. पण समाज शहाणा होईपर्यंत अकरा वर्षांच्या मुलीने वाट कशी पाहायची? म्हणून शिक्षण चालू ठेवूनही कायदा हवाच होता.

हा परिच्छेद फार चांगला आहे असे मी म्हणत नाही. पण यात ज्याला माझे म्हणणे पटत नाही त्याला धरायला जागा आहे. तो म्हणू शकतो की, तुझा अमुक दाखला येथे लागू पडत नाही. माझ्या पहिल्या परिच्छेदाला विरोधकाने फक्त मान डोलवावी किंवा वही मिटावी, एवढेच करता आले असते. आणि एक नोंद करण्यासारखी बाब म्हणजे, विधवाविवाहाचा कायदा १८५६ च्या जुलैत झाला. त्याच महिन्यात टेंभूला आगरकर जन्मले होते.

या लेखनाची किंमत आगरकरांना मोजावी लागली. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. प्रेतसंस्कारांतील वेडगळपणावर टीका करणाऱ्या माणसाला स्वतःचीच प्रेतयात्रा पाहावी लागली. १८९० साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि दोन मित्रांमधील अंतर आणखी वाढले. घरी मात्र आगरकर आपल्या मतांची सक्ती करीत नसत. पत्नी यशोदाबाई देवधर्म करीत. त्यांना त्यांनी अडविले नाही. दुसऱ्याला पटवून द्यावे, दडपू नये, हे तत्त्व त्यांनी उंबऱ्याच्या आतही पाळले.

१८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे निधन पावले आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. दम्याचा विकार त्यांना जुनाच होता. तो बळावत गेला, तरी शिकविणे आणि लिहिणे थांबले नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्यांनी एका पुडीत पैसे बांधून ठेवले होते. मेल्यावरही कोणावर भार नको, ही त्यामागील भावना. ज्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होते त्यात टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हिने आगरकरांची स्तुतीच केली. म्हणून दुसरी बाजूही मांडते. आगरकरांच्या निबंधांतील घर हे बहुतेक वेळा पुण्याचे पांढरपेशे घर असते. केशवपन, सोवळे हे त्या घरांतील प्रश्न. माझी पणजी त्या काळात माणदेशात दुसऱ्याच्या रानात खुरपत असावी. तिच्यापर्यंत ‘सुधारक’ पोहोचणे शक्यच नव्हते. तसेच जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली, म्हणजे आगरकरांच्या जन्माच्या आठ वर्षे आधी, सुरू केली होती. आमच्यासारख्यांसाठी दार प्रथम त्यांनी उघडले. हे सर्व खरे आहे. पण आगरकरांनी जी वस्तू मागे ठेवली तिला जात नाही आणि गावही नाही. ‘कशावरून?’ हा प्रश्न पांढरपेशा घरातील मुलगी विचारू शकते, तशी आटपाडीची मुलगीही विचारू शकते. आणि तो प्रश्न खुद्द आगरकरांना विचारला, तरी त्यांनी रागावण्याचे कारण नाही.

आता शेवटची गोष्ट. ती खाजगी आहे, पण या लेखाचे खरे कारण तीच आहे.

दिवाळीत चुलते माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आले. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. अण्णा गप्प बसले. पूर्वीची मी असते तर रडले असते किंवा शिक्षण ही काळाची गरज आहे असे म्हणाले असते, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच झाला असता. त्या रात्री मी वहीत एक परिच्छेद लिहिला. आधी काकांची बाजू लिहिली. अण्णांवर सोसायटीचे कर्ज आहे, माझ्यामागे धाकटी बहीण आहे, चांगले स्थळ पुन्हा येईलच असे नाही. हे तिन्ही मुद्दे खरे होते आणि ते लिहिताना माझा हात जड झाला. मग माझी बाजू लिहिली. माझे वर्षाचे शिकण्याचे पैसे किती आणि लग्नाचा खर्च किती, हे आकड्यांत मांडले. पदवीला दीड वर्ष उरले आहे. आणि मागच्या वर्षी डाळिंबाच्या विम्याच्या अर्जावर गट नंबर चुकीचा पडला होता, तो मी वाचला म्हणून वेळेत दुरुस्त झाला. नाहीतर पैसे अडकले असते. हा दाखला मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता.

सकाळी मी तो परिच्छेद अण्णांना वाचून दाखविला. अण्णा चौथी शिकले आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. काकांची बाजू आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिले. मग विचारले, लग्नाचा खर्च एवढा कशावरून धरलास? मी आत्याच्या लग्नाची वही दाखविली.

अण्णांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. काकांना एवढेच सांगितले की, तिची परीक्षा होऊ दे, मग बघू. आमच्या घरात आजवर कोणत्याही मुलीला विचारून काही ठरले नव्हते. म्हणून ‘मग बघू’ हे दोन शब्दही मला पुष्कळ वाटतात. टेंभूचे पाणी आमच्या रानात यायला फार वर्षे लागली. टेंभूचा तो प्रश्न आमच्या घरात यायला त्याहून जास्त लागली. तो आला आहे, आणि पहिल्यांदा तो अण्णांनीच विचारला.